बिनमिठाची भाऊबीज

मला बहीण नाही. माझ्या पाठीवर एक मुलगी झाली होती, ती नीट चालायला लागायच्या आतच गेली, आणि त्या विषयावर आमच्या घरात कोणी बोलत नसे. त्यामुळे भाऊबीज म्हणजे बायकोच्या भावाची भाऊबीज. मेहुणा येणार, पलंगावर ऐसपैस बसणार, ओवाळून घेणार, शेंगाचटणी बांधून नेणार आणि मी त्याला कोपऱ्यापर्यंत सोडायला जाणार. हा माझा सण. चाळिशी उलटेपर्यंत असंच चाललं. मग आमच्या मागच्या खोलीत नेपाळची एक बाई भाड्यानं राहायला आली आणि माझ्या कपाळाला सात रंग लागले.

ती बायकोच्या कामावरची. सोलापुरात शाळेचे गणवेश शिवायचे कारखाने गल्लोगल्ली आहेत, तसल्याच एका कारखान्यात बायको बाह्या जोडते आणि ही शेजारी बसून काज-बटण करायची. नवरा विजापूर रोडच्या एका हॉटेलात आचारी. घरमालकानं खोली सोडायला सांगितली म्हणून ती कामावर रडत होती, तर आमच्या हिनं परस्पर आमची मागची खोली देऊन टाकली. आईला न विचारता. मी म्हटलं, आता बघ तमाशा. आई कुणाला भाडेकरू ठेवून घेत नाही. तिला माणसांचा तिटकारा नाही, तिला माणसांच्या बोलण्याचा कंटाळा आहे. पण बाई नेपाळची आहे म्हटल्यावर आईचा चेहराच बदलला. बुद्धाच्या मुलखातली पोरगी, म्हणाली, तिला नाही म्हणू नये. आणि पहिल्याच दिवशी तिला समोर बसवून लुंबिनी कशी आहे ते विचारायला लागली. ती बिचारी कधी लुंबिनीला गेलीच नव्हती. डोंगरातलं गाव तिचं, लुंबिनी तिला सोलापूरहून आम्हाला जितकी लांब तितकीच लांब वाटायची. आई हिरमुसली, पण दिलेला शब्द तिनं फिरवला नाही.

ती मला दादा म्हणायला लागली आणि मी तिच्या नवऱ्याला चेष्टेनं दाजी. त्याला त्याचा अर्थ कळला तेव्हा तो लाजला. अबोल माणूस. दिवसभर दुसऱ्यांना तिखट करून घालायचा आणि घरी येऊन वरणभात खायचा.

त्या वर्षी दिवाळीच्या आधी माझे चुलते वारले. आम्ही भाऊबीजेची काही तयारी करत नव्हतो, कारण मेहुणा पुण्याला होता, पण तिला वाटलं मयतामुळे. ती दारात येऊन उभी राहिली. तिच्याकडेही त्याच दिवशी भावाला टिळा लावायचा सण असतो, तिचा सख्खा भाऊ लांब आहे, मला टिळा लावावा असं तिच्या मनात होतं. पण त्यांच्यात घरात कोणी गेलं की वर्षभर टिळा लावत नाहीत. मी तिला सांगितलं, आमच्यात सुतक नाही. आज्यानं दीक्षा घेतली तेव्हा देव्हाऱ्याबरोबर सुतकही घराबाहेर काढलं. ती चकित झाली. अजिबात नाही? कोणी गेलं तरी?

"कोणी बी गेलं तरी," मी म्हणालो. जरा तोऱ्यातच म्हणालो. आज्याची गोष्ट सांगताना माझी छाती आपोआप पुढं येते.

पण टिळ्याचं काय? कपाळाला काही लावायचं म्हटलं की आमच्या घरात कान टवकारतात. आईच्या कानावर गेलं तेव्हा मी म्हटलं, संपलं. आई तिच्या खोलीत गेली, ताटातल्या वाट्या बघून आली. पांढरा, लाल, पिवळा, निळा, केशरी, हिरवा, जांभळा. बोटावर मोजले तिनं. मग म्हणाली, आपल्या झेंड्याचे पाच तर आलेच की, दोन जास्तीचे हायत, चालतंय. असा आमच्या घरात निकाल लागला.

तेव्हापासून दरवर्षी. ती मला चटईवर बसवायची, आणि दुर्वांच्या काडीनं तेल शिंपडत माझ्याभोवती फेरी मारायची. गळ्यात जांभळ्या फुलांची माळ घालायची. ते फूल बटणासारखं असतं, गोल, कडक, वाळलं तरी रंग सोडत नाही. कुंडीत तिनं ते मुद्दाम लावलं होतं. मग उंबऱ्यावर अक्रोड ठेवून दगडानं फोडायची, की यमाचं डोकं फुटलं. आई ओरडायची, उंबरा फुटंल माझा. मग टिळा. आधी पांढरी पट्टी, तिच्यावर एकाखाली एक रंग. सगळं होताना ती तिच्या भाषेत काहीतरी पुटपुटायची. मी एकदा अर्थ विचारला. हे तेल सुकत नाही, हे फूल कोमेजत नाही, तोवर यमानं माझ्या भावाच्या अंगाला हात लावायचा नाही. म्हणून ते न कोमेजणारं फूल. यमाला असं तंगवून ठेवायचं. मला ते लई आवडलं. मी शाळेत प्रयोगशाळा सांभाळतो, दिवसभर परीक्षानळ्या धुतो, असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नाही. पण कोणीतरी आपल्यासाठी यमाशी असा वाद घालतंय, ते ऐकायला बरं वाटतं.

माळा ती दोन करायची. दुसरी तिच्या भावाची. तो आखातात होता, बांधकामावर. त्या दिवशी त्याचा व्हिडिओ कॉल यायचा, ती मोबाइल डब्याला टेकवून उभा करायची, त्याच्याभोवती तेल फिरवायची आणि माळ मोबाइलच्या पुढ्यात ठेवायची. पहिल्या वर्षी ती मोबाइलवरच घालायला निघाली होती, तर माझ्या बायकोनं तिचा हात धरला. जिवंत माणसाच्या फोटोला हार घालत नाहीत गं. ती हसली, त्यांच्यात तसं काही नसतं म्हणाली, पण तेव्हापासून हिच्या समाधानासाठी पुढ्यातच ठेवायची.

भावाला मी पाहिला होता. आखातात जायच्या आधी बहिणीला भेटायला म्हणून सोलापूरला आला होता, चार-आठ दिवस राहिला. काटकुळा, उंच, हसला की डोळे गायब. आई त्यांची लहानपणीच गेलेली, बापही मागून गेला, तिनंच त्याला वाढवलेला. ती त्याच्यावर अशी खेकसायची की बघत राहावं. केस का वाढवलेस, चप्पल आत का आणलीस. तो ऐकून घ्यायचा आणि आमच्या आईकडं बघून डोळा मारायचा. शेंगाचटणी त्यानं नुसती चमच्यानं खाल्ली. डॉक्टरनं आईला रक्तदाबासाठी मीठ सोडायला सांगितलंय, आई डॉक्टरला शिव्या देत वरून मीठ घेते, तर हा पठ्ठ्या आईच्या ताटात गुपचूप मीठ वाढायचा. दोघांचं चांगलं जमलं. जाताना मी त्याला सोलापुरी चादर दिली. तिथं उकाडा असतो, चादर काय करायची, असं मीच वर विचारलं. तो म्हणाला, दादा, खोलीत एसी असतो, एका खोलीत आठजण, आणि रिमोट माझ्याकडं नसतो.

मागच्या दिवाळीतली गोष्ट. शाळेला सुट्टी होती. पाडव्याच्या दिवशी सकाळी मी दाढी करत होतो, तर दाजी फाटकाशी उभा. दिवाळीत हॉटेलला रजा नसते, तो एव्हाना भट्टीवर असायला हवा होता. मला खुणेनं बाहेर बोलावलं. तोंडाला साबण तसाच, मी टॉवेलनं पुसत गेलो. कोपऱ्यावरच्या चहाच्या गाड्यामागं नेऊन त्यानं सांगितलं.

त्याचा मेहुणा, म्हणजे तिचा भाऊ, गेला. परवा. कामावरून आला, झोपला, सकाळी उठलाच नाही. त्याच्या खोलीतल्या एकानं काल दाजीला फोन करून कळवलं होतं. कशानं गेला ते कोणी सांगत नव्हतं. तिशीसुद्धा गाठलेली नव्हती. प्रेत कागदपत्रं झाली की पेटीतून काठमांडूला येणार होतं, कधी ते माहीत नाही.

मी विचारलं, तिला?

तिला त्यानं सांगितलं नव्हतं. भावाचा मोबाइल पाण्यात पडलाय, नवा घेईपर्यंत फोन येणार नाही, असं सांगून मोकळा झाला होता. आणि माझ्याकडं मागणं काय, तर उद्या दरवर्षीसारखं येऊन बसा. एक दिवस जाऊ द्या. दिवाळीत कुठल्याच गाडीचं तिकीट नाही, सांगून तिला नेणार कसं? चार भिंतींत डोकं आपटून घेईल. सण होऊ दे, तिकीट हातात येऊ दे, मग सांगतो.

"हितं तिचं कोण हाय, दादा?" तो म्हणाला.

दरवर्षी तिच्याकडून कपाळ रंगवून घेणाऱ्या माणसाला हा प्रश्न. माझं डोकं सणकलं. चांगलं सुनवावं असं जिभेवर आलं होतं, पण त्याच्याकडं बघितलं तर तो माणूस रात्रभर झोपलेला नव्हता. हातातला चहा तसाच थंड झालेला. तोंड दाबून बुक्क्यांचा मार तो कालपासून खात होता, आता त्यातला अर्धा मला द्यायला आला होता. मी बघतो म्हणालो आणि घरी आलो.

मागच्या खोलीतून तळणाचा वास येत होता. तांदळाच्या पिठाच्या गोल गोल पोळ्या ती तळते, बांगडीसारख्या. मला बघून तिनं ओरडून सांगितलं की यंदा भावानं मोबाइल पाण्यात पाडलाय, गाढव आहे, लागू दे फोन, बघतेच त्याच्याकडं. मी हो हो करत आत शिरलो.

बायकोला आतल्या खोलीत नेऊन सांगितलं. ती खाली बसली. थोड्या वेळानं ती दाजीचंच बोलली. एक दिवस होऊ दे. कारखान्यात ती माझ्या शेजारी बसते, म्हणाली, सकाळपासून पोळ्या करतीय, तिचं ते तोंड मला बघवणार नाही. मीही म्हणणार होतो की खरंय, एक दिवसानं काय बिघडतंय. आई दारात कधी येऊन उभी राहिली ते कळलं नाही.

आई आत आली, पलंगाच्या कडेला टेकली. तिनं जे सांगितलं ते मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. माझी बहीण गेली तेव्हा आई सोलापूरच्या दवाखान्यात टायफॉइडनं पडून होती. पोरगी मंगळवेढ्याला, आजोळी. तिथंच ती तापानं गेली. सगळ्यांनी ठरवलं, बाई आजारी आहे, आत्ताच सांगायला नको. माझे वडील रोज डबा घेऊन यायचे, पोरगी कशी आहे विचारलं की बरी आहे म्हणायचे.

"मला दोन दिसांनी सांगितलं," आई म्हणाली. "मदल्या दोन दिसांत मी पडल्या पडल्या तिच्यासाठी टोपडं शिवलं. शेजारच्या खाटंवरच्या बाईकडनं सुई मागून घेतली. तुजा बाप बघत बसला शिवताना."

आई रडली नाही. तिला राग आलेला होता, इतक्या वर्षांचा शिळा राग.

"त्या टोपड्याचं मी काय करायचं हुतं? दुःख तिचं हाय. तुमी कोण दाबून ठेवनारे?"

आणि उठून गेली. तिनं हे सांग किंवा ते कर असं काहीच म्हटलं नाही. तेच तर अवघड. धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय. दाजीला मी बघतो म्हणून बसलो होतो. तिचा नवरा तो, सांगायचा हक्क त्याचा. संध्याकाळी त्याला गाठून पुन्हा म्हटलं, बाबा, आजच सांग. त्यानं हात जोडले. मग मी परत फिरलो.

भाऊबीजेला सकाळी तिनं हाक मारली. मी नवा शर्ट घातला नाही, तेवढं माझ्याच्यानं झालं नाही. आई आली, बायको आली, दोघी दाराशी उभ्या राहिल्या. दाजी आत भिंतीला टेकून. चटई घातलेली, ताट मांडलेलं, सात वाट्या, पोळ्यांची चवड. आणि डब्याला टेकवून तिचा मोबाइल. फोन येणार नव्हता म्हणून तिनं त्यावर भावाचा फोटो लावून ठेवला होता. सोलापुरातलाच, आमच्याच अंगणातला. आईच्या शेजारी उभा, डोळे गायब.

मी बसलो. म्हटलं, एकदा सुरुवात झाली की मीही सुटेन, तीही. तिनं तेल फिरवलं. ते माझ्या पायाच्या बोटापाशी सांडलं आणि ती हसली. भावाबद्दल बडबड चालूच, की नवा मोबाइल घेताना फसेल, त्याला व्यवहार कळत नाही. माझ्या गळ्यात माळ घातली. मग दुसरी माळ उचलली, आणि यंदा फोन येणार नव्हता म्हणून असेल किंवा फोटोच होता म्हणून असेल, पुढ्यात न ठेवता तिनं ती मोबाइललाच घातली. फोटोला.

माझी बायको वळून घरात निघून गेली. माळ घालणारीला वाटलं, फोटोला हार घातलेला हिला पटला नाही, म्हणून ती मागून ओरडली, यंदा चालतंय की, फोन नाही तर काय करू.

उंबऱ्यावर अक्रोड ठेवला. एका दणक्यात फुटला. आई काही बोलली नाही. आई उंबऱ्यावरून बोलली नाही हे तिच्या लक्षात यायला हवं होतं, पण ती घाईत होती. माझ्यासमोर येऊन गुडघ्यावर बसली. मोठा भाऊ आधी, म्हणाली, मग धाकटा. आणि पांढऱ्या वाटीत बोट बुडवून ते पुटपुटायला लागली. मला अर्थ माहीत होता. तेच तर वाईट. हे तेल सुकत नाही, हे फूल कोमेजत नाही. बोट माझ्या कपाळाशी आलं आणि मला आईचं टोपडं दिसलं. मी तिचं मनगट धरलं.

"थांब," मी म्हणालो. "मला सुतक हाय."

ती आधी हसली. चेष्टा वाटली तिला. मग माझ्या आईकडं बघितलं, आम्हा दोघांतलं कोणी गेलेलं नाही हे तिला दिसत होतं. बायकोला तर तिनं आत्ताच जाताना बघितलं होतं.

"तुमच्यात सुतक न्हाय," ती म्हणाली. "कोणी बी गेलं तरी."

मी मनगट तसंच धरलेलं. तिचं बोट पांढरं. ती माझ्याकडं बघत राहिली आणि मग हळूहळू मान वळवून तिनं मोबाइलकडं बघितलं, माळ घातलेल्या फोटोकडं. दाजीकडं तिनं बघितलंच नाही. मला वाटलं आता किंचाळेल. तिनं आधी दुसऱ्या हातानं मोबाइलवरची माळ काढली. घाईघाईनं, अडकली तर ओढून काढली. ती काढल्यावर तिच्या तोंडातून आवाज फुटला. तसला आवाज मी पुन्हा ऐकू इच्छित नाही. आईनं येऊन तिला धरलं. ताट लवंडलं, सातही रंग चटईवर. दाजी तिथंच भिंतीला घसरून खाली बसला.

दुपारपर्यंत असंच. शेजारच्या बाया आल्या, गेल्या. कधी गेला, कसा गेला, तिनं मलाच विचारलं, जे माहीत होतं ते मीच सांगितलं. नवऱ्याशी ती अक्षर बोलली नाही. नंतर ती शांत झाली आणि आईनं भाकरीचा तुकडा तिच्यापुढं धरला. तिनं विचारलं, मीठ आहे? भाकरीत मीठ नव्हतं, कालवणात होतं. तिनं कालवण बाजूला सारलं. त्यांच्यात घरातलं माणूस गेलं की मीठ सोडतात. लग्न झालेल्या बहिणीला तितकं पाळायला लागत नाही म्हणे, पाळायचं ते मुलानं, भावानं. पण त्याच्या मागं ना मुलगा, ना दुसरा भाऊ. गावाकडं चुलतभाऊ होता, तो अग्नी देईल. पण तो काही मीठ सोडून बसणार नाही, असं ती म्हणाली. मग माझ्याकडं बघितलं. डोळे सुजून बारीक झाले होते, भावासारखेच.

"तुम्ही म्हणालात ना, सुतक हाय?"

मी मान हलवली.

"मग पाळा."

त्यात रडणं नव्हतं, विनंतीही नव्हती. कामावर बाही चुकली की ती बायकोला सांगते, उसवा म्हणून, तसंच. मी आईकडं बघितलं. आज्याच्या दीक्षेपासून आमच्या घरात हा शब्द शिरला नव्हता, आणि मी तो माझ्या तोंडानं आत आणला होता. आता आई काय बोलते म्हणून माझा जीव टांगणीला. पुढच्या खोलीतला आज्याचा फोटो तिथून दिसत नव्हता, नशीब.

आई म्हणाली, "सुतक-बितक काय न्हाय. पोरीला एकटीनं अळणी खायला लावायचं न्हाय, एवढंच." आणि माझ्या ताटातलं कालवण उचलून घेतलं.

तर मी पाळलं. कुठल्या धर्मात बसतं ते मला विचारू नका. अळणी भाकरी, अळणी वरण. सोलापूरच्या माणसाला शेंगाचटणीशिवाय ठेवणं म्हणजे काय ते सोलापूरच्याच माणसाला कळेल. तिसऱ्या घासाला माती खाल्ल्यासारखं व्हायचं. शाळा उघडली, डब्यात बायको वेगळं द्यायची, सगळे विचारायचे, मी रक्तदाब म्हणून सांगायचो. चिडचिड व्हायची, एकदा डबा झाकून तसाच परत आणला. पण घरी येऊन मागच्या खोलीत जावं तर ती त्याच अळणी वरणाचं ताट घेऊन भिंतीकडं तोंड करून बसलेली. मी तिच्या शेजारी बसून जेवायचो. ती भावाचं काहीबाही सांगायची. लहानपणी बर्फात हरवला होता तो, तिनं शोधून आणला होता. असं सांगता सांगता थांबायची आणि म्हणायची, खाऊन घ्या.

दाजी बाहेर पायरीवर जेवायचा. त्याच्याशी ती बोलायला लागली ते पुष्कळ नंतर, आणि पहिलं वाक्य तिकिटाबद्दल होतं.

पेटी निघाल्याचा फोन आला तेव्हा कुठून कुठून खटपट करून पुण्याहून गोरखपूरच्या गाडीची दोन तिकिटं मिळाली. ती चला म्हणाली असती तर मी गेलो असतो का, ते मला माहीत नाही. तिनं विचारलं नाही. एसटी स्टँडवर पुण्याच्या गाडीत बसवायला आम्ही तिघंही गेलो. तिच्या हातात प्लास्टिकची पिशवी होती, त्यात ती दुसरी माळ. जांभळी फुलं जशीच्या तशी. यमानं काही त्या फुलांची वाट बघितली नव्हती. आईनं तिला जवळ घेतलं आणि बुद्धाचं नाव घेतलं, तिनं आईच्या पायाला हात लावला. मी नुसताच उभा राहिलो. गाडी हलली तेव्हा खिडकीतून तिनं मला हातानं तोंडाकडं खूण केली, खाण्याची, आणि मान नकारार्थी हलवली. मीठ नाही. मी हो म्हणालो.

ती गेल्यावर बायको म्हणाली, आता तरी घ्या थोडं, कोण बघतंय. मी तिच्यावर खेकसलो. नंतर वाईट वाटलं, ती माझ्या काळजीनं बोलली होती. पण कोणी बघतंय म्हणून पाळायचं असतं तर मी पहिल्याच दिवशी नाही म्हणालो असतो.

एका दुपारी शाळेतून येऊन मी जेवायला बसलो होतो, आई समोर. अनोळखी लांबलचक नंबरावरून फोन आला. मागं माणसांचा गलका, वाऱ्याचा आवाज. तिचा आवाज मी आधी ओळखला नाही, घसा बसला होता. कशी आहेस, पोचलीस का, मी विचारत होतो, तिनं मला बोलू दिलं नाही.

"झालं सगळं, दादा. नदीवर झालं. चादर सामानात परत आली. आता मीठ खा."

फोन कट झाला. मी आईला सांगितलं. आई उठली, मांडणीवरची मिठाची बरणी घेऊन आली आणि माझ्या ताटाच्या कडेला चिमूटभर मीठ वाढलं. मग तिनं स्वतःच्या ताटातही वाढलं. तिचं वरण मी तेव्हा नीट बघितलं. माझ्यासारखंच होतं, पिवळं, पातळ, एकाच पातेल्यातलं. डॉक्टरनं वर्षानुवर्षं सांगून जिनं कधी ऐकलं नाही, ती इतके दिवस माझ्यासमोर बसून अळणीच खात होती, आणि मला दिसलं नव्हतं.

मी काही विचारायच्या आत ती म्हणाली, खा गुमान. मी पहिला घास तोंडात घातला. इतका खारट लागला की डोळ्यांत पाणी आलं. आई ताटाकडं बघून जेवत होती.